बावीस ओळी

दर वर्षी ऑगस्टमध्ये मी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक खोटं दुकान मांडते. दुकानात तीनच वस्तू असतात: छत्री, वही आणि पाण्याची बाटली. तिसऱ्या वर्षाची मुलं वही 'विकत' घेतात, पैसे भरायच्या पानावर सरावासाठीचा कार्ड क्रमांक टाकतात (एक चार, त्यापुढे पंधरा वेळा एक), 'पैसे भरा' दाबतात आणि 'तुमची ऑर्डर मिळाली' असं पान समोर येतं. पत्त्याच्या पट्टीत कुलूप असतं. कुणाला काही खटकत नाही.

मग मी त्यांना एफ १२ दाबायला सांगते. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्सची खिडकी उघडते. तिच्यातला 'नेटवर्क' भाग निवडायचा आणि पुन्हा एकदा वही घ्यायची. या वेळी बटण दाबलं की खिडकीत दोन ओळी उमटतात. पहिली पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानासाठी कार्डाचे पैसे वळते करून देणाऱ्या कंपनीकडे गेलेली. दुसरी अर्ध्या सेकंदानं, वेगळ्याच पत्त्यावर. पत्ता दुकानाच्या नावाशी इतका मिळताजुळता असतो की पहिल्या नजरेला कुणाच्याच लक्षात येत नाही. त्या दुसऱ्या ओळीवर क्लिक केलं की आत काय गेलं ते दिसतं: नाव, कार्डाचे सोळाच्या सोळा आकडे, मुदत, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही. आत्ताच स्वतःच्या हातानं टाईप केलेलं सगळं तिथे ओळीनं मांडलेलं असतं. लॅबमध्ये त्या क्षणी जी शांतता पसरते तेवढी माझ्या एरवीच्या कुठल्याही तासाला पसरत नाही. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण कुलूप तर होतं ना?"

या प्रश्नासाठीच हे सगळं मांडलेलं असतं. दुकान खोटं असलं तरी चोरी खऱ्या प्रकरणावरून घेतलेली आहे. २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर नेमकं हेच घडलं, आणि इतकं मोठं प्रकरण इतक्या बारकाईनं नोंदवलं गेल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. ब्रिटनमध्ये लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणावर देखरेख करणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानं दोन वर्षं तपास करून सविस्तर आदेश दिला, आणि रिस्कआयक्यू या सुरक्षा कंपनीनं चोरीचा बावीस ओळींचा कोड ओळ न् ओळ उलगडून दाखवला. ऑनलाइन दुकानाची सुरक्षा शिकवायला मला याहून चांगला धडा मिळालेला नाही.

आधी ग्राहकाच्या बाजूनं पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कंपनीनं जाहीर केलं की २१ ऑगस्टच्या रात्री १० वाजून ५८ मिनिटांपासून ५ सप्टेंबरच्या रात्री ९ वाजून ४५ मिनिटांपर्यंत ज्यांनी संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर तिकिटाचे पैसे कार्डानं भरले, त्यांची माहिती चोरीला गेली असू शकते. वेळा ब्रिटनच्या. आपल्याकडे तेव्हा २२ ऑगस्टची पहाट उजाडायची होती, साडेतीन वाजत आले होते. सुरुवातीला सांगितलेला आकडा ३ लाख ८० हजार व्यवहारांचा होता. पंधरा दिवस लोक तिकिटं काढत राहिले. तिकिटं खरी होती, विमानं उडत होती, पैसे कंपनीच्याच खात्यात जमा होत होते. तक्रार करावी असं ग्राहकाला काही दिसतच नव्हतं. फसवणुकीच्या बाकीच्या प्रकारांत निदान वस्तू येत नाही, मग माणूस फोन करतो, शोधाशोध सुरू होते. इथे सौदा पूर्ण झाला आणि त्याच वेळी चोरीही पूर्ण झाली.

आता चोराच्या बाजूनं. तो पैसे भरायच्या पानापर्यंत पोचला कसा?

तपासात निघालेलं उत्तर असं की सुरुवात २२ जून २०१८ ला झाली, म्हणजे पहिलं कार्ड पानावरून उचललं जाण्याच्या दोन महिने आधी. ब्रिटिश एअरवेजसाठी मालवाहतुकीचं काम करणारी एक बाहेरची कंपनी होती. तिच्या कर्मचाऱ्यांना विमान कंपनीच्या आतल्या काही प्रणाली दुरून वापरता याव्यात म्हणून सिट्रिक्स या सॉफ्टवेअरच्या प्रवेशद्वारातून वाट दिलेली होती. त्यातल्या एका कर्मचाऱ्याचं लॉगिन चोरांच्या हाती लागलं. दाराला पासवर्डशिवाय दुसरा अडसर नव्हता: ना फोनवर येणारा कोड, ना आणखी काही. पासवर्ड बरोबर, म्हणजे माणूस आपला.

बाहेरच्या माणसाला आत येऊ दिलं तरी त्याला एकाच खोलीत ठेवता येतं, आणि या व्यवस्थेत तसंच अभिप्रेत होतं. चोर मात्र त्या खोलीतून बाहेर पडून मुख्य जाळ्यात शिरले. तिथे त्यांना एका फाइलमध्ये प्रशासकाच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले सापडले. घराच्या सगळ्या किल्ल्या एका खिळ्याला अडकवलेल्या आणि खाली कुठली कशाची तेही लिहिलेलं, असा हा प्रकार. यापुढे त्यांना फारसं काही फोडावं लागलं नाही, फक्त शोधत फिरावं लागलं.

२६ जुलैला त्यांना काही लॉग फाइली सापडल्या. या भागावर मी वर्गात एक अख्खा तास घेते, कारण पानावरच्या चोरीची चर्चा खूप झाली तरी ही दुसरी चूक आपल्या आसपास जास्त सापडते. संगणक प्रणाली रोज काय काय केलं याची नोंदवही लिहीत असते, तिला लॉग म्हणतात. डिसेंबर २०१५ मध्ये कुणीतरी चाचणीच्या सोयीसाठी एक कळ सुरू केली होती. तिच्यामुळे रिवॉर्ड पॉइंट वापरून काढलेल्या तिकिटांच्या व्यवहारातले कार्डाचे तपशील या वहीत साध्या अक्षरांत उतरत होते. कळ फक्त चाचणीपुरती होती, प्रणाली खऱ्या ग्राहकांसाठी सुरू झाली की बंद व्हायला हवी होती. ती कुणी बंद केली नाही. वहीतली पानं ९५ दिवसांनी पुसली जात म्हणून नुकसान थोडं आटोक्यात राहिलं, तरीही सुमारे १ लाख ८ हजार कार्डांची माहिती तिथे पडलेली होती.

कोड लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे केलेलं असतं. व्यवहार अडतो, का अडतो ते कळत नाही, मग आपण येणारी सगळी माहिती लॉगमध्ये छापून बघतो. दोष सापडतो, सुटकेचा श्वास टाकतो आणि ती छापायची ओळ तशीच राहून जाते. माझ्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प सादर केला की सर्वात आधी मी त्यांची लॉग फाइल मागते, नंतर कोड. दहा गटांत दोन-तीन गटांच्या लॉगमध्ये पासवर्ड नाहीतर ओटीपी ठसठशीत दिसतो. मुलं ओशाळतात. लॅबमध्ये ओशाळलेलं परवडतं.

आता त्या बावीस ओळींकडे येते.

आजचं कुठलंही वेबपान एकट्या दुकानदारानं लिहिलेलं नसतं. तयार तुकडे आणून ते जोडलेलं असतं. असाच एक तुकडा म्हणजे मॉडर्नायझर, ग्राहकाचा ब्राउझर कायकाय करू शकतो हे तपासणारी छोटी, फुकट मिळणारी, अगदी साधी जावास्क्रिप्ट लायब्ररी. ब्रिटिश एअरवेजच्या सर्व्हरवर तिची २.६.२ ही आवृत्ती होती आणि त्या फाइलवर शेवटचा बदल डिसेंबर २०१२ चा होता. जवळजवळ सहा वर्षं त्या फाइलला कुणाचा हात लागला नव्हता. २१ ऑगस्ट २०१८ ला ब्रिटनमध्ये रात्री पावणेदहा वाजून गेल्यावर ती बदलली. मूळ कोड होता तसाच राहिला, फक्त तळाशी बावीस ओळी वाढल्या. तासाभरानं, १० वाजून ५८ मिनिटांनी, कंपनीनं पुढे जाहीर केलेली चोरीची मुदत सुरू होते.

त्या ओळी वाचल्या की बनवणाऱ्यानं या एका दुकानाचा किती बारीक अभ्यास केला होता ते कळतं. पान उघडलं की कोड पैसे भरायच्या बटणाला चिकटून बसायचा. माउसचं बटण सुटलं किंवा मोबाइलच्या पडद्यावरून बोट उचललं गेलं की तो जागा व्हायचा, पैसे भरण्याचा फॉर्म आणि पैसे भरणाऱ्याचा तपशील गोळा करायचा, अर्धा सेकंद थांबायचा आणि सगळं एका बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवून द्यायचा. बोट उचलण्याचीही दखल घेतलेली होती, म्हणजे फोनवरचे ग्राहक त्यांनी आधीच हिशेबात धरले होते. मोबाइल ॲपही त्यात सापडलं, कारण ॲपमधली काही पानं आतून संकेतस्थळावरूनच येत होती.

माल जात होता त्या पत्त्याचं नाव होतं बीएवेज डॉट कॉम. 'बीए' म्हणजे ब्रिटिश एअरवेज, आणि 'एअरवेज'मधला 'एअर' गाळला की उरतं ते 'वेज'. सर्व्हरच्या नोंदी चाळणाऱ्या माणसाचा डोळा त्या नावावरून सहज पुढे सरकावा असंच ते निवडलेलं होतं. चोरांनी त्या पत्त्यासाठी रीतसर पैसे मोजून सुरक्षा प्रमाणपत्रही घेतलं होतं. ते १५ ऑगस्टला दिलं गेलं होतं, म्हणजे फाइल बदलण्याच्या सहा दिवस आधी.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. कुलूप म्हणजे तुमच्या ब्राउझरपासून समोरच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता झाकलेला आहे, मध्ये कुणाला डोकावता येणार नाही. तेवढंच. विमान कंपनीकडे जाणारा रस्ता झाकलेला होता आणि चोराकडे जाणाराही झाकलेलाच होता. पण आकडे टाईप होतात ते पानावर, रस्त्यावर नाही. गल्ल्यावर मालक बसलेला असतो, ग्राहक नोटा मोजून देतो, आणि मालकाच्या खांद्यामागे एक तिसरा माणूस वहीत सगळं टिपून घेत असतो. दुकानाचं शटर कितीही जाड पत्र्याचं असो, या माणसाला त्याचा अडथळा नाही. त्याला मालकानंच आत घेतलेलं आहे, सहा वर्षांपूर्वी, एक साधं काम करायला.

आणखी एक मुद्दा मुलांना सुरुवातीला पटत नाही. कार्ड कंपन्यांनी मिळून केलेल्या पीसीआय नियमांनुसार व्यवहाराला मंजुरी मिळाल्यावर दुकानाला सीव्हीव्ही साठवून ठेवता येत नाही. मुलं म्हणतात, साठवलंच नाही तर चोरीला गेलं कसं? गेलं, कारण ते साठवायच्या आधीच उचललं गेलं. आपण तिजोरीचा विचार करण्यात इतके गुंततो की ग्राहकाच्या हातातून गल्ल्यात पडेपर्यंत नोट हवेत असते, हे विसरून जातो. या प्रकारच्या चोरांच्या टोळ्यांना मेजकार्ट हे नाव पडलेलं आहे, मॅजेंटो हे दुकानाचं सॉफ्टवेअर आणि खरेदीची कार्ट यांवरून. त्याच वर्षी न्यूएग या अमेरिकी दुकानाच्या पैसे भरायच्या पानावर अशाच पंधरा ओळी महिनाभर बसून होत्या. त्याआधी जूनमध्ये टिकेटमास्टरच्या ब्रिटनमधल्या संकेतस्थळाची अशीच चोरी उघडकीला आली. तिथे तर दुकानाच्या स्वतःच्या फाइलला हातही लावावा लागला नव्हता. पैसे भरायच्या पानावर मदतीसाठी चॅटची एक खिडकी होती, ती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येत होती, आणि चोरांनी बदल तिथे केला. टिकेटमास्टरला पुढे साडेबारा लाख पौंड दंड झाला.

ब्रिटिश एअरवेजची चोरी उघडकीला आली ती ५ सप्टेंबरला, तीही बाहेरच्या एका माणसानं कळवल्यामुळे. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेला पत्ता लागला नव्हता. कळल्यावर मात्र त्यांनी वेळ घालवला नाही: दीड तासात तो कोड निकामी केला, त्यानंतर वीसएक मिनिटांत बाहेरचा पत्ता बंद केला, दुसऱ्या दिवशी माहिती आयुक्तांना कळवलं आणि जाहीरही केलं. हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं, आणि आदेशातही ते नोंदवलेलं आहे.

पुढच्या तपासात चित्र बदलत गेलं. ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीनं सांगितलं की ३ लाख ८० हजारांपैकी प्रत्यक्षात २ लाख ४४ हजार लोकांची माहिती गेली, पण त्याखेरीज रिवॉर्ड पॉइंट वापरून तिकिटं काढलेले आणखी १ लाख ८५ हजार लोक धोक्यात आले, त्यातले ७७ हजार सीव्हीव्हीसकट. सगळे मिळून ग्राहक आणि कर्मचारी धरून सुमारे ४ लाख ३० हजार.

जुलै २०१९ मध्ये माहिती आयुक्तांनी १८ कोटी ३३ लाख ९० हजार पौंड दंड लावण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हा जगभर बातमी झाली. १६ ऑक्टोबर २०२० च्या अंतिम आदेशात तो २ कोटी पौंडांवर आला. कंपनीचं म्हणणं ऐकून हिशेब ३ कोटींपासून धरला, नंतर केलेल्या उपायांसाठी आणि सहकार्यासाठी त्यातले २० टक्के वजा केले, आणि कोविडमुळे विमान धंद्याची झालेली अवस्था पाहून आणखी ४० लाख. आकडा कमी झाल्याबद्दल तेव्हा टीका झाली. मला आकड्यापेक्षा आदेशातलं एक वाक्य महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा की हे टाळता आलं असतं, त्याचे उपाय तेव्हाही उपलब्ध होते, त्यांना अवाच्या सवा खर्च नव्हता, आणि काही तर कंपनी वापरत असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतच होते. बाहेरून येणाऱ्याला दुसरा अडसर लावणं, ज्याला जेवढं काम तेवढीच वाट देणं, आपल्या प्रणालीवर स्वतःच हल्ला करून बघणं. एवढ्या मोठ्या कंपनीला न परवडण्यासारखं यात काही नव्हतं. ग्राहकांनी केलेला सामूहिक दावा जुलै २०२१ मध्ये आपसात मिटला. रक्कम जाहीर झाली नाही.

यातून दुकानदारानं नेमकं काय करायचं? मी मुलांना आधी कागदावर यादी करायला लावते: पैसे भरायच्या पानावर किती स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारे कोडचे तुकडे) चालतात, कुणाच्या, कशासाठी, आणि त्यांना तिथे राहायची परवानगी कुणी दिली. यादी करताना बहुतेकांची दमछाक होते. जाहिरातीचा मागोवा घेणारी एक, गर्दी मोजणारी एक, अक्षरांच्या वळणासाठी एक, दिवाळीच्या सवलतीचं बॅनर दाखवणारी एक, जी दिवाळी होऊन गेली तरी तिथेच आहे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या पीसीआय नियमांच्या चौथ्या आवृत्तीत नेमकी हीच यादी आली. पैसे भरायच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टचं कारण लिहून ठेवा, तिला मंजुरी द्या, ती बदलली नाही ना हे तपासा, आणि पानात परस्पर बदल झाला तर इशारा मिळेल अशी सोय करा. ३१ मार्च २०२५ पासून हे बंधनकारक आहे. या कलमांमागे त्या बावीस ओळींसारखीच प्रकरणं आहेत.

तांत्रिक उपाय दोन-तीन आहेत आणि प्रत्येकाला मर्यादा आहे, ती न सांगता शिकवणं मला चुकीचं वाटतं. एक, पानावर आणलेल्या फाइलचा ठसा लिहून ठेवता येतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि ब्राउझर ती चालवायला नकार देतो. टिकेटमास्टरसारख्या, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणाऱ्या फाइलसाठी हे उत्तम, पण तो पुरवठादार फाइल वरचेवर बदलत असेल तर ठसा रोज मोडतो. ब्रिटिश एअरवेजच्या बाबतीत चोर आतच शिरलेला होता, ज्याला फाइल बदलता आली त्याला कदाचित ठसाही बदलता आला असता. दुसरा, सर्व्हर ब्राउझरला आधीच बजावून ठेवू शकतो की या पानावरून माहिती फक्त अमुक पत्त्यांवर जाऊ दे. बीएवेज त्या यादीत नसतं तर ब्राउझरनंच दार लावलं असतं. लॅबमध्ये मी हे करून दाखवते: एक ओळ वाढवायची, पान पुन्हा उघडायचं, वही घ्यायची, आणि नेटवर्कच्या खिडकीत ती दुसरी ओळ आता लाल. मुलांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, वाजवतातही. तिसरा, पैसे भरायचं पान आपण चालवायचंच नाही, ग्राहकाला थेट गेटवेच्या पानावर पाठवायचं. लहान दुकानासाठी मी हाच सुचवते. तरी ग्राहकाला तिकडे नेणारं बटण आपल्याच पानावर असतं, आणि ते बटण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानाकडे वळवता येतं, हे लक्षात ठेवायचं.

सहा वर्षं न हललेली फाइल एका रात्री हलली, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त टोचतं. सर्व्हरवरच्या फाइलींवर नुसती नजर ठेवणारा, बदल झाला की निरोप धाडणारा साधा कार्यक्रम असता तर २२ ऑगस्टच्या सकाळी कुणीतरी विचारलं असतं, ही फाइल आज का बदलली?

भारतात चित्र थोडं वेगळं आहे आणि काही बाबतींत खरोखर बरं आहे. कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहाराला दुसरी खातरजमा लागते, हे रिझर्व्ह बँकेनं २००९ च्या ऑगस्टपासूनच लागू केलं. आपल्याला ओटीपीचा कंटाळा येतो, पण इथल्या दुकानात नुसता क्रमांक आणि सीव्हीव्ही चोरून चोराचं भागत नाही. मात्र परदेशातली अनेक दुकानं ओटीपी मागत नाहीत, आणि चोरलेलं भारतीय कार्ड तिथे चालू शकतं. म्हणूनच कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार ग्राहकाला हवे तेव्हा चालू-बंद करता यावेत, अशी सोय २०२० मध्ये बँकांवर बंधनकारक झाली. माझ्या ओळखीच्या किती जणांनी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये ती कळ शोधली आहे, हे मी नेहमी विचारते. फार थोडे हात वर होतात.

१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा क्रमांक साठवायला बंदी आहे, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या दुकानापुरता चालणारा बदली क्रमांक, ठेवायचं. टोकन चोरून दुसऱ्या दुकानात उपयोग नाही. त्या लॉगमधल्या चुकीवर हे औषध आहे. पानावर बसलेल्या चोरावर मात्र पुरतं नाही, कारण टोकन तयार होण्याआधी एकदा तरी ग्राहक आपले सोळा आकडे कुठेतरी टाईप करतोच. यूपीआयचा पिन दुकानाच्या पानावर टाकावाच लागत नाही, तो तुमच्या पेमेंट ॲपमध्ये टाकता, म्हणून तो असा उचलता येत नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "पण मॅडम, पानावरचा क्यूआरच बदलला तर?" बरोबर विचारलं त्यानं. पानावर चालणारा कोड पानावरचं काहीही बदलू शकतो, क्यूआरसुद्धा. म्हणून ग्राहकानं पिन टाकण्याआधी ॲपमध्ये आलेलं नाव वाचायचं, आणि दुकानदारानं पैसे आले की नाही हे गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरवर आलेल्या निरोपावरून ठरवायचं, ग्राहकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून नाही.

ग्राहकाचं कार्ड असं कुठे सापडलंच, तर वेळ सर्वात महत्त्वाचा. दुकानाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या चुकीतून अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकानं बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याच्यावर जबाबदारी शून्य, असं रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेलं आहे. नंतर कळवलं तर हिशेब बदलतो. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावरही लगेच फोन करायचा.

गेल्या वर्षी या तासानंतर एक विद्यार्थिनी थांबली. तिचं घर सावंतवाडीकडचं, वडील काजू आणि कोकमाचं आगळ ऑनलाइन विकतात. संकेतस्थळ कुणा ओळखीच्या मुलाकडून करून घेतलेलं, तो मुलगा आता बेंगळुरूला. आम्ही दोघी लॅबमध्येच बसलो, पैसे भरायचं पान उघडलं आणि यादी केली. चौदा स्क्रिप्ट निघाल्या. गेटवेच्या दोन, दुकानाच्या सॉफ्टवेअरच्या पाच, गुगलच्या दोन. उरलेल्या पाचांतल्या दोन कुठून आल्या ते तिलाही सांगता येईना, दोन बंद पडलेल्या जाहिरातींच्या होत्या, आणि एक चॅटच्या खिडकीची.

तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी काकांना सांगितलं की पैसे भरायच्या पानावर गेटवेशिवाय कुणी असायची गरज नाही, बाकीचं काढून टाकूया, आणि संकेतस्थळाच्या प्रशासक खात्याला ओटीपी लावूया, कारण त्याला आत्ता नुसता पासवर्ड आहे. पासवर्डच्या बाबतीत ते लगेच हो म्हणाले. चॅटपाशी थांबले.

"मॅडम, ती खिडकी गिऱ्हाइकाला काही विचारायचं झालं तर ठेवलीय."

"आजवर कुणी विचारलंय का काका?"

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "नाही. लोक मला फोनच करतात. नंबर पाकिटावर असतो ना." आणि मग लेकीला म्हणाले, "काढ गं ती. आत्ताच काढ, मी फोनवर थांबतो."